झाड पळून चाललंय का?

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी ‘गोरेगाव’ म्हणतो आणि समोरचा हमखास विचारतो, ‘ईस्ट की वेस्ट?’ मुंबईचं नाही म्हटलं की ‘मग कोकणातलं का?’ हिंगोली जिल्हा, सेनगाव तालुका, हे सांगेपर्यंत लिफ्टमधून उतरायची वेळ झालेली असते.

दुसरा हमखास प्रश्न सोमवारी सकाळचा. ऑफिसात आमचा सात-आठ जणांचा वन्यजीव छायाचित्रणाचा ग्रुप आहे. कुणी ताडोब्याहून, कुणी भिगवणहून परतलं की कॉफी मशीनपाशी विचारणा होते, ‘काय मिळालं?’ ‘काय पाहिलं’ असं कुणी विचारत नाही. लहानपणी गावात हा प्रश्न मी एकाच तऱ्हेच्या लोकांना विचारलेला ऐकलाय. ससे-तितर धरायला जाळी घेऊन गेलेल्यांना.

म्हणून सरळच म्हणतो. आज आपल्याकडे हौशी वन्यजीव छायाचित्रण म्हणून जे चालतं, त्यातलं बरंचसं शिकारच आहे. हत्यार तेवढं बदललंय. त्यावर उपाय म्हणून आणखी महागडी लेन्स कामाची नाही, आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली आचारसंहिताही कामाची नाही. रानात गप्प बसायला शिकणं हा एकच उपाय मला दिसतो. गप्प बसून काढलेले फोटो कंटाळवाणे दिसतात, त्यांना लाईक मिळत नाहीत, स्पर्धेत ते पहिल्याच चाळणीत गळतात. तरीही रानाच्या कामी येईल असं छायाचित्रण तेच आहे. हे मी काठावर उभा राहून बोलत नाही. मी या खेळात होतो आणि त्यात मी काय केलं ते आधी सांगतो.

*

२०२२च्या एप्रिलात मी सुट्टीवर गावी गेलो. सोबत हप्त्यांवर घेतलेली दीडशे-सहाशेची लेन्स होती. गावाबाहेरच्या गायरानावर, मुरमाड उतारावर, टिटवीची चार अंडी दिसली. टिटवी घरटं म्हणावं असं काही बांधत नाही. जमिनीवरच्या खळग्यात, खड्यांच्या मधोमध अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. मी पंधरा फुटांवर पालथा पडलो. सकाळचे अकरा वाजले होते. नर-मादी दोघंही डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, मधूनच अंगावर झेपावत होती. मला नेमकं तेच हवं होतं. चोच उघडी, डोळ्याभोवतीचं लाल कडं स्पष्ट, पंख पूर्ण ताणलेले. पाऊण तासात सहाशेच्या वर फोटो काढले. त्यातला एक सोशल मीडियावर गाजला आणि पुढच्या वर्षी आमच्या कंपनीच्या कॅलेंडरात मे महिन्याच्या पानावर छापून आला.

त्या पाऊण तासात अंड्यांवर कुणीच बसलेलं नव्हतं, हे मला तेव्हा दिसत होतं पण कळत नव्हतं. एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती मुख्यतः सावली धरायला. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. हे मी नंतर वाचलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गेलो तर दोन अंडी फुटलेली होती, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. दोन नव्हतीच. मुंगूस असेल, कुत्रं असेल. माझ्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तो पक्षी त्या फोटोत ‘झेपावत’ नाहीये, तो मला हाकलत होता, एवढं शपथेवर सांगू शकतो. खाली मी ओळ लिहिली होती: ‘माळरानाची राणी, पूर्ण आवेशात.’

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या दिलेली आहे. शिकार म्हणजे मारणं, हे आपण गृहीत धरतो. कायदा तसं धरत नाही. प्राण्याला पकडणं, फास लावणं, त्याला हाकत नेणं, आमिष दाखवणं हे सगळं त्या व्याख्येत येतं. आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं, हेसुद्धा त्यात येतं. हा कायदा होऊन पन्नास वर्षं उलटून गेली. कॅलेंडर निवडणाऱ्यांना ठाऊक नव्हता, मला ठाऊक नव्हता, आणि फोटोखाली ‘जबरदस्त!’ लिहिणाऱ्या शेकडो लोकांनाही ठाऊक नव्हता. ‘शिकारी’ हा शब्द मी वर शिवी म्हणून वापरला नव्हता. तो व्याख्येत बसतो.

*

हे एकट्या टिटवीचं आणि एकट्या माझं असतं तर मी गुपचूप पश्चात्ताप करून मोकळा झालो असतो. पण ३१ डिसेंबर २०२४ला नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते आठवा. एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर होती आणि सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडवली. व्हिडिओ पसरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि चालकांवर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली.

गाइड आणि चालकांवर. गाडीत मागे बसलेल्यांचं काय? गाइड आणि चालक बहुतेक करून जवळच्याच गावांतले. त्यांची बक्षिशी वाघ दिसण्यावर ठरते आणि ती आपण ठरवतो. वाघ दिसला तर पाचशेची नोट, नाही दिसला तर ‘बघू पुढच्या वेळी’. कामाच्या जागी मी रोज पाहतो की माणसाला ज्या आकड्यावर बक्षीस मिळतं, तोच आकडा तो वाढवत नेतो, मग बाकीचं काहीही बिघडो. गाडी दहा फूट पुढे घ्यायला सांगणारा, ‘थोडं अजून, थोडं अजून’ म्हणणारा आवाज मागच्या सीटवरून येतो. मीही तसं म्हटलेलं आहे.

२०२५च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाईल वापरायला मनाई केली. आमच्या ग्रुपवर आनंदीआनंद झाला. ‘आता तरी सेल्फीवाले जातील, खऱ्या फोटोग्राफरांना मोकळं रान मिळेल.’ मला हसू आलं नाही. सेल्फीवाल्याकडे निदान गर्दीचा बहाणा असतो. सहाशेची लेन्स लावलेला माणूस वाघाने मान वळवावी म्हणून गाडीच्या पत्र्यावर टिचकी मारतो, तेव्हा त्याच्याकडे कसला बहाणा असतो? गोंगाट मोबाईलमध्ये नसतो. ‘मला काहीतरी मिळालंच पाहिजे’ या हट्टात असतो. तो कॅमेऱ्याच्या किमतीबरोबर कमी होत नाही, उलट वाढतो. एवढे पैसे घातलेत म्हटल्यावर वसूल नकोत का करायला?

हा हट्ट कुठवर जातो याची उदाहरणं सातासमुद्रापलीकडेही आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रणाची स्पर्धा जगात मानाची समजली जाते. २००९ साली पहिलं बक्षीस मिळालं ते फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला. काही महिन्यांत ते काढून घ्यावं लागलं, कारण तो लांडगा माणसाळलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. २०१७च्या स्पर्धेतही एक बक्षीस असंच पुढच्या वर्षी रद्द झालं. रात्रीच्या आकाशाखाली वारुळाकडे निघालेला मुंगीखाऊ हा पेंढा भरलेला नमुना असल्याचं दिसून आलं. फसवणाऱ्यांना नावं ठेवून आपण सुटतो. पण लांडग्याने उडीच मारली पाहिजे, ही मागणी कुणाची होती? नुसता उभा असलेला लांडगा आपल्याला पुरला असता का?

*

गप्प बसून काम करणारी माणसं नव्हती असं नाही.

पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवात करणाऱ्यांत इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी हे केअर्टन बंधू होते. घरट्यातल्या अंड्यांचा फोटो त्यांनी १८९२ साली काढला, म्हणजे या कलेचा पाळणाच घरट्यात हलला. पक्षी बुजू नयेत म्हणून पुढे त्यांनी पोकळ बैल तयार करवला. खऱ्या बैलाचं कातडं, आतून मोकळा, आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसलेला माणूस. ही गोष्ट मी आजाला सांगितली तेव्हा तो खूप वेळ हसला आणि मग म्हणाला, ‘पोळ्याला त्याची पूजा केली का नाही मग?’

आपल्याकडे, तेव्हाच्या संयुक्त प्रांतात, एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वन अधिकारी होता. आजूबाजूचे साहेब वाघांवर पाय ठेवून फोटो काढून घेत होते, त्या काळात हा माणूस वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवायचा. वाघाचा पाय तारेला लागला की वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढणार. १९२७ साली त्याचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आलं. आजच्या कॅमेरा ट्रॅपचा तो आजाच. चॅम्पियनला देव करायची गरज नाही. त्याच्या तारेला लखकन उजेड पाडणारा फ्लॅश जोडलेला होता आणि रात्री त्याने वाघ दचकत नसेल असं कोण म्हणेल? पण वाघ कुठून जातो हे कळायला त्याला आधी ती वाट वाचावी लागली. पंज्यांचे ठसे, ओरखडे, पाणवठा, महिन्यामागून महिने. फोटो हा त्या वाचनाचा शेवट होता. आपण शेवटापासून सुरुवात करतो.

मराठीत तर या गप्प बसण्याची परंपराच आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला जाऊन राहिले आणि ‘नागझिरा’ लिहिलं. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करत आयुष्य रानात घालवलं आणि त्यातून ‘पक्षिकोश’ उभा केला. गेल्या जूनमध्ये, २०२५ साली, ते गेले तेव्हा आमच्या ग्रुपवरही श्रद्धांजलीचे मेसेज आले, प्रत्येकाने आपापला वाघ जोडून. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा महाराष्ट्र शासन पक्षी सप्ताह म्हणून पाळतं. त्या आठवड्यात पाणवठ्यांवर कॅमेऱ्यांची जी झुंबड उडते, ती कुणाच्या स्मृतीला शोभते?

*

गप्प कसं बसायचं हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही. आजाने शिकवलं. त्याने आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नाही.

आमच्या भागात पीक उभं राहिलं की शेतकरी जागलीला जातो. रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत सोयाबीनचा, हरभऱ्याचा चौथाई तुकडा झोपवतात. आजा चाळीसेक वर्षं जागलीला गेला. चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, वर गोधडी, हाताशी काठी आणि पत्र्याचा डबा. टिटवीच्या प्रकारानंतर काही महिने मी कॅमेरा उघडलाच नव्हता. दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्याच्यासोबत दोन रात्री माळ्यावर बसलो.

पहिल्या रात्री मी दर दहा मिनिटांनी मोबाईलवर वेळ बघत होतो. आजा म्हणाला, ‘ते ठिव खाली. तुझं थोबाड उजळायलंय, इथून शिवेपतूर दिसंल.’ मग त्याने वारा कुठून येतोय ते बोट ओलं करून दाखवलं. विडी का नाही पेटवायची, ते सांगितलं. तासाभराने कुजबुजला, ‘आलंय.’ मला काहीही दिसत नव्हतं. काही वेळाने तुरीच्या ओळींच्या कडेला अंधाराचा एक तुकडा बाकीच्या अंधारापेक्षा दाट झाला. रोही. आजा उठला नाही. म्हणाला, ‘जनावर तुला कवाचं बघायलंय. तू त्याला आत्ता बघितलास. हे इसरू नको.’ ते पिकात शिरल्यावरच त्याने डबा वाजवला, एकदाच, आणि ते गेलं.

यात भाबडेपणा नाही. आजा गप्प बसायचा तो हाकलण्यासाठी. रोह्याबद्दल त्याला प्रेम नाही, नुकसानीचा हिशोब आहे. पण पंधरा फुटांवर पालथं पडून सहाशे फोटो काढलेल्या मला जे ठाऊक नव्हतं, ते त्याला ठाऊक होतं: रानात आपण बघणारे नंतर असतो, आधी बघितले जाणारे असतो.

माझ्या धंद्याच्या भाषेत हे मला लवकर समजलं. मी सर्व्हरवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर लिहितो. या कामातला पहिला धडा असा की तुम्ही चालू यंत्रणेकडे बघायला जाता तेव्हा तुमच्या बघण्याचाही तिच्यावर भार पडतो. भार जास्त झाला तर तुम्हाला जे दिसतं ते यंत्रणेचं वागणं नसतं, तुमच्या लुडबुडीचा परिणाम असतो. म्हणून नव्या मुलाला आम्ही आधी फक्त वाचायची परवानगी देतो, रीड-ओन्ली. बघ, पण काही बदलू नको. माझा टिटवीचा फोटो हा टिटवीचा फोटो नव्हताच. टिटवीवर पडलेल्या माझ्या भाराचा फोटो होता. वाट अडवलेल्या वाघिणीचा प्रत्येक फोटो हा त्या गाड्यांचा फोटो आहे, गाड्या चौकटीबाहेर राहिल्या तरी.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. गप्प बसणं आणि गुपचूप टेहळणी करणं एक नाही. कॅमेरा ट्रॅप गप्प असतो, खाणंपिणं मागत नाही, वाघांची मोजणी त्याच्याशिवाय आज होत नाही. पण कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिजचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी केलेला अभ्यास २०२४च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला, तो वाचून मी हादरलो. प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत सरपण-गवताला जाणाऱ्या बायका टिपल्या जात होत्या. एका बाईचा आडोशाला बसलेली असतानाचा फोटो गावात फिरवला गेला. जंगलात जाताना एकमेकींना हाका मारत, गाणी म्हणत जाणाऱ्या बायका कॅमेऱ्याच्या धास्तीने हळू आवाजात बोलू लागल्या. गाण्याचा आवाज हा हत्ती-वाघांना दूर ठेवायचा त्यांचा उपाय होता. म्हणजे यंत्र गप्प होतं आणि माणसांची तोंडं बंद झाली. मी ज्या गप्पपणाची बाजू घेतोय तो असा नाही. बघणाऱ्याने गप्प बसावं. ज्यांचं ते रान आहे त्यांनी नव्हे.

*

आता माझ्याशी वाद घालणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ‘वाघाचे फोटो नसते तर वाघ वाचले नसते. लोकांना दिसतं तेच लोक वाचवतात. तुझ्या गप्प फोटोंनी कुणाचं मन हलणार?’

अर्धा मुद्दा मला मान्य आहे. पर्यटनाच्या पैशावर जंगलाकाठच्या गावांतली अनेक घरं चालतात. पण ‘दिसतं तेच वाचतं’ हे खरं असेल, तर जे दिसत नाही त्याचं काय होतं, हाही प्रश्न त्याच श्वासात विचारायला हवा.

२०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. पुढे त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. यवतमाळ, तेलंगण, नांदेड, आमचा हिंगोली जिल्हा असं करत करत नऊ महिन्यांत तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. रात्री चालायचा, दिवसा नाल्यात, झुडपांत पडून राहायचा. ज्या गावांच्या शिवारांतून तो गेला, त्यांतल्या बहुतेकांना तो गेल्याचंही कळलं नाही. माणूस जखमी झाल्याची एक घटना नोंदली आहे ती तो जिथे पडून होता त्या झुडपात काही जण शिरल्यामुळे. आता विचार करा, तो चालला कशावरून? तिकीट लावून दाखवतात त्या जंगलांतून नव्हे. गायरानं, नाल्यांचे काठ, पळसाची खुरटी रानं, बाभळीचे पट्टे. ज्याला कुणीही जंगल म्हणत नाही, सरकारी नकाशांत ज्यातलं बरंचसं ‘पडीक’ म्हणून रंगवलेलं असतं, ती जमीन. ताडोब्याच्या प्रत्येक वाघाचे लाखो फोटो असतील. वाघाला एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेणाऱ्या या जमिनीचे किती आहेत?

हा प्रश्न माझ्यासाठी हवेतला नाही. २०२३पासून ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’खाली शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी गावोगावच्या सरकारी आणि गायरान जमिनी सौर प्रकल्पांना भाडेपट्ट्याने दिल्या जातायत. आमच्या पारावरही ही चर्चा असते. मी सौर विजेच्या विरोधात नाही. रात्री दोनला मोटार चालू करायला विंचवा-सापांतून जाणारा माझा बाप आहे. त्याला दिवसा वीज मिळाली तर मला पुण्यात नीट झोप लागेल. पण पारावर त्या माळाबद्दल एक वाक्य दर वेळी येतं आणि ते मला झोंबतं: ‘तिथं हाय काय?’

तिथं काय आहे याचा पुरावा माझ्याकडे असायला हवा होता. दहावीपासून मी त्या माळावर फिरलोय. माझ्या हार्डडिस्कवर ताडोब्याचे अकरा हजार फोटो होते. गावच्या माळाचा फोटो एकच, फुटलेल्या अंड्यांच्या आदल्या दिवसाचा.

*

म्हणून मी एक पळस निवडला. माळाच्या उताराला एकटाच उभा आहे. सहाशेची लेन्स विकली, साधी पन्नासची लावली, आणि गावी गेलो की एकाच दगडावर बसून त्याचा फोटो काढायचा असं ठरवलं. पहिल्या वेळी ऊन कलायला लागलं म्हणून मी लगबगीने निघालो तर अंगणातून आजा म्हणाला, ‘कामून धावायलास एवढं? झाड पळून चाललंय का?’

चौदा महिन्यांत अकरा वेळा गेलो. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो आणि त्याचा अर्थ लावतो की सगळीकडे तेच ते, बघण्यासारखं काही नाही. एका पळसासमोर वर्षभर बसून मी सांगतो, ही म्हण न बसलेल्या माणसाने केली असणार. माघ-फाल्गुनात पान नसलेल्या फांद्यांवर केशरी फुलं आली तेव्हा साळुंक्या, शिंजीर, बुलबुल, कोतवाल असे सगळे एकाच झाडावर भांडत होते. खाली पोरं रंगासाठी फुलं वेचत होती. वैशाखात चपट्या शेंगा लटकल्या आणि कोवळी पानं फुटली. पावसाळ्यात झाडाखालचं गवत गुडघ्याएवढं झालं आणि त्यात शेळ्या दिसेनाशा झाल्या. एकदा एक फांदी कुऱ्हाडीने तोडलेली होती, पुढच्या वेळी त्या जागी धुमारे होते. एकही फोटो असा नाही की बघून कुणी ‘वाह’ म्हणेल. ग्रुपवर टाकले तेव्हा एकाने विचारलं, ‘सब्जेक्ट कुठाय?’

अमेरिकेत एलियट पोर्टर नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, मग डॉक्टर. आधी पक्ष्यांचे फोटो काढायचा, मग पाचोळा, खोडं, ओढ्याकाठची पानं. १९६२ साली ‘सिएरा क्लब’ या निसर्गरक्षण संस्थेने त्याचं पुस्तक काढलं आणि ते घरोघरी गेलं. त्या फोटोंतही बोट दाखवावं असा ‘सब्जेक्ट’ सहसा सापडत नाही. म्हणजे गप्प फोटोंनी मन हलत नाही, हे खरं नाही. दाखवणाऱ्याला धीर लागतो, इतकंच.

कार्तिकातला एक फोटो मी पुण्यात येऊन लॅपटॉपवर मोठा करून बघत होतो. पळसाच्या मागे, बोरीच्या जाळीपाशी, सावलीत एक रोही उभी होती. कान माझ्याकडे वळलेले. मी त्या दगडावर दीड तास बसलो होतो आणि मला ती दिसली नव्हती. तिने मला पूर्ण वेळ बघितलेलं असणार. पळाली नाही. माझ्या सगळ्या फोटोंत मला अभिमान वाटावा असा तो एकच आहे आणि तो मी चुकून काढलेला आहे.

*

वाद घातला की मागण्याही मांडाव्यात. माझ्या मोजक्या आहेत.

सफारीला जाल तर गाइडची आणि चालकाची बक्षिशी गाडी सुरू व्हायच्या आधी द्या. पूर्ण द्या, आणि ‘वाघ नाही दिसला तरी चालेल’ हे मोठ्याने म्हणा. घरट्याचा, अंड्यांचा, पिलांना भरवण्याचा फोटो स्पर्धेत, कॅलेंडरात, अंकात घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी. दुर्मीळ प्राण्याची जागा फोटोखाली लिहू नका. परत आलेल्याला ‘काय मिळालं’ विचारू नका, ‘किती वेळ बसलास’ विचारा. आणि ज्या रानाला तिकीट नाही, गेट नाही, अशा तुमच्या गावच्या एका तुकड्याचे वर्षभर फोटो काढा. तारखेसकट ठेवा. उद्या ग्रामसभेत कुणी ‘तिथं हाय काय?’ म्हणालं तर उत्तर द्यायला कुणाकडे तरी काहीतरी असू दे. त्या उत्तरानंतरही गाव जमीन द्यायचं ठरवेल, तर तो गावाचा अधिकार आहे. पण ‘काहीच नव्हतं’ असं म्हणून देऊ नये.

गेल्या महिन्यात पारावर बसलेल्यांना मी मोबाईलवर ते अकरा फोटो दाखवले. बोट सरकवत सरकवत सगळे बघत होते. दोघं-तिघं म्हणाले, हे तर आपलंच झाड. एकाने तोडलेली फांदी कुणाच्या कुऱ्हाडीची ते ओळखलं आणि त्यावरून दहा मिनिटं भांडण झालं. रोही कुणालाच दिसली नाही. मी दाखवली तेव्हा एक म्हातारा म्हणाला, ‘ह्या रोहीनंच माझा हरभरा खाल्ला.’ मग त्याने मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.